पाचवी खुर्ची काबीज केली, तिची हकीकत

सकळ बसलेल्या मंडळींस उभ्या असलेल्यांचा दंडवत. विज्ञापना ऐसी जे, राज्ये बुडाली, तख्ते उलथली, मोठमोठे सरदार घोड्यावरोन पडले, त्यांच्या बखरी लिहिणारे लिहोन गेले आणि शाईही वाळोन गेली. परंतु एका घरात जेवणाच्या टेबलाशी पाचवी खुर्ची मांडावयास केवढी मोहीम करावी लागली, कोणाचे गुडघे फितूर जाहले, कोणाचे कामास आले आणि फत्ते होता होता खाशांची जीभ कैसी जायबंदी जाहली, हे आजवर कोणी लिहिले नाही. सबब हे लिहिणे. यात आम्ही तिखटमीठ लाविलेले नाही. मीठ तर त्या दिवशी टेबलावर नव्हतेच, त्याचा मजकूर पुढे येईल.

प्रथम त्या दौलतीचा परिचय. घर तिसऱ्या मजल्यावरचे. मूळ पुरुष आबासाहेब, टपाल खात्यातून निवृत्त. हयातभर लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारिले आणि निवृत्तीनंतर घरातील प्रत्येक गोष्टीवर आपल्या मताचा शिक्का मारू लागले. त्यांचे कुटुंब आईसाहेब, बोलणे थोडे आणि नजर फार. अन्न निववोन खावे ही त्यांची रीत. ताट पुढ्यात आले की भात पसरावा, फुंकर घालावी, स्वस्थ बसावे, आणि सर्वांचे निम्मे जेवण उरकले म्हणजे मग पहिला घास उचलावा. कोणी पुसिले तर, "मला गरम सोसत नाही," येवढेच म्हणत. त्यांची प्रकृतीच थंड, ऐसे आबासाहेबांचे निदान. त्यावरही शिक्का बसला होता.

त्यांचे चिरंजीव धनीसाहेब, विमा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, वाणी रसाळ. महिला दिनी त्यांनी कचेरीत 'समानतेची सुरुवात घरापासून' या विषयावर पडद्यावर चित्रे दाखवोन ऐसे भाषण केले की बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि पुष्पगुच्छ देऊन गौरव केला. मग स्वारी घरी दाखल होऊन तो पुष्पगुच्छ पत्नीचे हाती देती जाहली, पाण्यात ठेव म्हणोन, आणि अंगातला सदरा काढोन निजावयाच्या खोलीतील खुर्चीवर टाकती जाहली. ही खुर्ची ध्यानात ठेवावी. आणिक एक कन्या, इयत्ता चौथी, चित्रकलेत हात चांगला, तोंड त्याहून चांगले.

आता खाशा सूनबाईसाहेब. या इस्पितळातील एक्स-रेच्या खोलीच्या सुभेदार. तेथे त्यांचा दरारा काय वर्णावा? मिशाळ पैलवान, अकडबाज फौजदार, कोणाचे न ऐकणारे म्हातारे, सर्व सदरा काढोन थंड पत्र्यास छाती लावोन उभे राहत, आणि बाईसाहेब काचेआडून हुकूम सोडीत की, "हलू नका. श्वास रोखून धरा." मग काय मजाल कोणाची पापणी लवेल! एकदा बाईसाहेबांस मध्येच शिंकांची सर आली, तो पैलवान वांग्यासारखा जांभळा पडला. परंतु "सोडा श्वास" ऐसी परवानगी येईतो त्याने श्वास सोडिला नाही. ऐशा या बाईसाहेब घरी आल्या म्हणजे चौघांस वाढीत आणि मग स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी ताटली ठेवोन, ओट्याशी उभ्या उभ्या, गार जाहलेले चार घास गिळीत. ऐसा हुकूम कोणी केला नव्हता. वहिवाट पडली होती; आणि हुकूम मोडणे सोपे, वहिवाट मोडणे महाकर्मकठीण.

कारण बाईसाहेब उभ्या असत म्हणोन सर्वांची कामे त्यांजकडे येत, आणि कामे येत म्हणोन त्या उभ्या असत. टेबलावरोन फर्मान सुटे की, "उभीच आहेस तर जरा पाणी." मागोमाग दुसरे, "उभीच आहेस तर लोणचं पण." या 'उभीच आहेस तर'ने बाईसाहेबांची अर्धी जवानी खाल्ली. आणि भाजी गार होते याचे दुःख एकवेळ सोसवते. परंतु भिंतीपलीकडे टेबलावर एकाएकी हशा होई, मंडळी खो खो हसत, आणि बाईसाहेब हात पुशीत धावत येऊन विचारीत, "काय झालं? काय झालं?" तो धनीसाहेब डोळे पुसत म्हणत, "जाऊ दे गं. आता सांगून मजा नाही." म्हणजे या घरचा विनोदसुद्धा बाईसाहेबांस गारच पोहोचे.

आता खुर्चीचा मजकूर. टेबलासोबत खुर्च्या आल्या त्या सहा. पैकी एकीवर आबासाहेब बल्ब बदलावयास चढले आणि तिचा पाय मोडोन ती रणी पडली. उरल्या पाच, घरात माणसेही पाच, कोणास उणे नाही. परंतु पाचवी खुर्ची लग्नाचे पहिले वर्षी, "दोन दिवसांपुरती," म्हणोन निजावयाच्या खोलीत गेली आणि तिजवर धनीसाहेबांच्या कपड्यांनी ठाणे दिले. धनीसाहेबांचे शास्त्र ऐसे की, एकदा घातलेला कपडा मळका नव्हे म्हणोन धुण्यात जात नाही, आणि धुतलेला नव्हे म्हणोन कपाटात जात नाही. त्यास त्रिशंकूप्रमाणे मधली जागा पाहिजे. ती ही जागा. मग सदऱ्यावर सदरा, विजारीवर विजार ऐसा किल्ला चढत गेला, आणि खाली खुर्ची आहे हे घरची माणसे विसरोन गेली. टेबलाशी चारच खुर्च्या का, हे कधी कोणी पुसिले नाही. एकदा पाहुण्या बाईंनी पुसिले तर आबासाहेब बोलिले की, "तिला उभ्यानंच बरं वाटतं."

ऐशात शाळेतून हुकूम आला की 'आमच्या घरचे रात्रीचे जेवण' या विषयावर चित्र काढोन आणावे. कन्येने काढिले. टेबल काढिले, चार खुर्च्या काढिल्या, आबासाहेबांचे टक्कल पिवळ्या खडूने उजळिले, आजी फुंकर घालिताना, बाबा फोन पाहताना, आणि आपण स्वतः डोईवर मुकुट घालोन. कागदाचे उजवे कडेने एक हात आत आला होता, कोपरापर्यंतच, आणि त्यात डाव. पुढे कागद संपला होता.

बाईसाहेबांनी पुसिले, "आणि मी कुठे गं?"

कन्या बोलिली, "ही काय. हात!"

चित्र घरभर फिरले. आबासाहेबांनी चष्मा लावोन "अगदी हुबेहूब" ऐसा शेरा दिला, धनीसाहेबांनी फोटो काढोन नातलगांस पाठविला आणि नातलगांकडोन पसंतीच्या अंगठ्यांची रास आली. कोणासही काही उणे दिसले नाही. बाईसाहेब मात्र त्या चित्राकडे पाहत राहिल्या. लोकांचे हात, पाय, बरगड्या सुट्या सुट्या पाहणे हा त्यांचा रोजचा धंदा. परंतु आपल्या घरी आपणच सुटा हात होऊन राहिलो, हे पाहोन काळीज चरकले. रडू आले, ते भांड्यांच्या आवाजात उरकोन घेतले. मग नाक शिंकरोन मनसुबा केला की, येत्या रविवारी आपण टेबलाशी, सर्वांबरोबर, बसोन, गरम जेवावयाचे. राज्य नको, जहागीर नको, येवढेच पाहिजे.

प्रथम सामाचा मार्ग धरिला. धनीसाहेबांची मर्जी पाहोन मजकूर कानी घातला. धनीसाहेबांनी मोठ्या मनाने फर्मान दिले की, "अगं मग बस की! तुला कोणी अडवलंय का?" आणि आपण फार उदार जाहलो ऐसे वाटोन फोन पाहू लागले. आता बैस म्हणणे सोपे. परंतु कशावर, हे फर्मानात नमूद नव्हते. बाईसाहेबांनी चारही खुर्च्यांकडे पाहिले, चारहींवर मनुष्य होता. दुसरे दिवशी धनीसाहेब स्वतः तोडगा घेऊन हजर जाहले, तो न्हाणीतील प्लास्टिकचे स्टूल. तह मोडल्याचा बोल आपल्यावर नको म्हणोन बाईसाहेबांनी त्यावरही बसोन पाहिले. तो टेबलाची कड हनुवटीस भिडली आणि भात नाकासमोर आला. कन्या फिदीफिदी हसली. आबासाहेबांनी शिक्का मारिला की, "झालं की मग! आता काय सिंहासन हवंय?"

 बाईसाहेब मनात म्हणाल्या, हो.

मग रविवार उजाडला. धनीसाहेब केस कापावयास रवाना जाहले, तो मोका साधोन बाईसाहेबांनी निजावयाच्या खोलीत मोर्चे लाविले. किल्ला बाका. माथ्यावर जाकीट पहारा देत होते, त्याखाली सदऱ्यांची फळी, मध्ये एक ओला टॉवेल, ज्याच्या दमट वासाने भले भले माघारी फिरावे. बाईसाहेबांनी नाकास पदर लाविला आणि चालोन गेल्या. तेथे एक मोठा घात होता होता राहिला. पहिला सदरा हाती येताच बाह्या आपोआप जुळो लागल्या, घडी पडो लागली, इस्तरीची आठवण जाहली. म्हणजे फौज जिंकावयास आली आणि शत्रूची चाकरी करू लागली! बाईसाहेब वेळीच सावध जाहल्या. घडी मोडली, सर्व किल्ला दोन्ही हातांनी कवळिला आणि धनीसाहेबांच्या बाजूच्या गादीवर नेऊन ओतिला. तळाशी एक निळा टाय सापडला. हा टाय बाईसाहेबांनी धुण्यात हरविला ऐसा त्यांजवर जुना आळ होता, आणि सासरच्या प्रत्येक लग्नकार्यात तो निघत असे. बाईसाहेबांनी तो टाय निशाणासारखा खिडकीच्या गजास बांधिला.

धनीसाहेब परत आले आणि गादी पाहोन मोठा आकांत केला की, "माझी खुर्ची कुठाय? आता मी कपडे ठेवू कुठे?"

"कपाटात."

"अगं, पण ते घातलेले आहेत ना!"

"मग धुवायला टाक."

"पण ते स्वच्छ आहेत ना!"

हा शास्त्रार्थ दोन घटका चालला असता. परंतु तितक्यात खिडकीतला टाय नजरेस पडला आणि धनीसाहेबांची रसाळ वाणी एकाएकी आटली. इकडे खुर्ची दिवाणखान्यात दाखल जाहलीही. आबासाहेबांनी हरकत घेतली की टेबलाशी अडचण होते, आपले कोपर उजवीकडे पसरते, वर्तमानपत्रास जागा राहत नाही.  आईसाहेबांनी आपली खुर्ची वीतभर सरकवोन जागा करोन दिली, ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

संध्याकाळी जेवणाची वेळ भरली. आजचा व्यूह ऐसा की, मागाहून उठणे पडो नये सबब सर्व सरंजाम आधीच मैदानात आणावा. भात आला, मटार-बटाट्याचा रस्सा पातेल्यासकट आला, काकडी आली, लोणचे आले, डाव आला, पाण्याचा तांब्या आला. बाईसाहेबांनी चौघांस वाढिले, पाचवे ताट आपले वाढिले, आणि खुर्ची ओढोन सर्वांदेखत तिजवर बसल्या. टेबलावर ऐसा सन्नाटा पसरला की आबासाहेबांचे कानयंत्र कुईं करिताना ऐकू आले.

परंतु युद्धात चूक होतेच. मिठाचा डबा ओट्यावर राहिला होता.

आबासाहेबांनी काकडीची चकती उचलिली, न्याहाळिली आणि पहिला तोफगोळा सुटला की, "मीठ?" मनुष्याचे नाव नाही, 'आण गे' नाही, नुसते मीठ. तो शब्द कानी पडताच बाईसाहेबांचे गुडघे, जे आजवर इमाने इतबारे चाकरी करीत आले होते, ते धनिणीस न पुसता आपले आपण उठो लागले. फितुरी, दुसरे काय! बाईसाहेबांनी टेबलाची कड घट्ट धरोन त्यांस खाली बसविले. तोच कन्येच्या हातचा चमचा पडला, "आई, दुसरा!" तोच धनीसाहेबांनी तांब्या उलटा करोन पाहिला आणि बोलिले, "अगं, तांब्या आणलास आणि पाणी?" तिन्ही बाजूंनी मारा सुरू जाहला. गुडघे पुन्हा उठले. मनही डळमळले, येवढ्याशा मिठाकरिता का तमाशा, उठावे, देऊन टाकावे, पुन्हा कधी बसू. ऐसे म्हणता म्हणता वर्षे गेली होती, हेही त्याच क्षणी ध्यानात आले.  खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. तेव्हा त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांस ताकीद द्यावयास तोंड उघडिले, तो मुखातून इस्पितळातील हुकूम, त्याच आवाजात, मोठ्याने बाहेर पडला:

"हलू नका! श्वास रोखून धरा!"

काय आश्चर्य सांगावे! आबासाहेब काकडी तोंडापाशी धरोन दगड जाहले. धनीसाहेब तांब्या उलटा धरिला होता तैसेच राहिले. कन्या चमच्यासाठी वाकली होती ती टेबलाखालीच थिजली. ज्या आवाजाने पैलवान जांभळे पडत, तो आवाज या घराने ऐकिलाच नव्हता. त्या निःस्तब्ध काळी बाईसाहेब हलकेच खाली टेकल्या, पाठ टेकिली, रश्श्यातला एक अखंड बटाटा, ज्यातून वाफा निघत होत्या, तो उचलिला आणि संपूर्ण मुखात घातिला.

बटाटा ही जात विश्वासघातकी. वरोन शांत, आत निखारा. बाईसाहेबांची जीभ ऐसी पोळली की डोळ्यांतून धारा लागल्या. थुंकावे तर टेबलाशी पहिल्याच दिवशी थुंकणे शोभत नाही, गिळावे तर गळा भाजतो. हातवारे करोन त्या "हा, हा, हा," करू लागल्या. परंतु कोणी हलेना, कारण 'सोडा श्वास' ऐसा हुकूम जाहला नव्हता. आबासाहेबांचा रंग पालटू लागला.

तेव्हा आईसाहेब, ज्या वर्षानुवर्षे कोणी मोठ्याने हसताना पाहिल्या नव्हत्या, त्या खुदकन हसल्या. मग पोट धरोन हसल्या. आणि चिरंजीवांस बोलिल्या की, "अरे, बघत काय बसलास? तिला पाणी आण!"

धनीसाहेब स्वयंपाकघराच्या मुलखात शिरले. तो मुलूख त्यांस अपरिचित. पेले कोठे असतात याची खबर नव्हती. एक कपाट उघडिले त्यात डाळी, दुसरे उघडिले त्यात डब्यांची झाकणे अंगावर आली. शेवटी दूध तापविण्याच्या पातेल्यात पाणी भरोन दोन्ही हातांनी, सांडीत सांडीत, घेऊन आले. बाईसाहेबांनी पातेले तोंडास लाविले. मीठ अर्थातच आले नाही. तेव्हा आबासाहेब स्वतः उठले. त्यांचे गुडघे कडाडले, कारण जेवताना उठण्याची त्यांस कधी आज्ञाच जाहली नव्हती. परंतु गेले, आणि बऱ्याच वेळाने साखर घेऊन परतले.

मग आईसाहेब सुनेच्या पाठीवरोन हात फिरवीत बोलिल्या की, "होतं असं. जिभेची सवय मोडलेली असते. सासूबाई गेल्यानंतर मी टेबलाशी बसायला लागले ना, पहिल्याच घासाला मलाही पोळलं होतं. सगळी उमर गारच खाल्लेलं. म्हटलं, आता या वयात कुठे नवी सवय लावायची? तेव्हापासून निववूनच खाते."

 आबासाहेबांनी तोंड उघडिले, शिक्का काही सापडेना, पुन्हा मिटिले. आईसाहेबांची प्रकृती थंड नव्हती, ऐसे इतक्या वर्षांनी त्यांस कळले. बाईसाहेबांनी सासूकडे पाहिले. डोळ्यांत पाणी होतेच. त्यातले बटाट्याचे किती आणि आईसाहेबांचे किती, हे सांगता येत नाही.

मग आईसाहेबांनी आपले निवलेले ताट बाजूस सारिले. धनीसाहेब रिकामे पातेले धरोन अजून उभेच होते. त्यांजकडे पाहोन आईसाहेबांनी त्या घराच्या इतिहासात कधी न ऐकिलेले फर्मान काढिले:

"उभाच आहेस तर मला जरा गरम वाढ. बघू दे, सोसतं का. आणि उभाच आहेस तर मीठ पण. साखर आणलीय यांनी."

धनीसाहेब टेबलावरच्या पातेल्यातून आईसाहेबांस गरम वाढोन मिठासाठी पुन्हा ओट्याकडे रवाना जाहले. इकडे आबासाहेबांनी शरमेने घाईघाईत ती साखर काकडीस लावोन खाल्ली आणि जे तोंड केले, त्यावर टेबलाखालून कन्या, टेबलावरोन सासू आणि सून ऐशा एकदम हसत सुटल्या की पातेल्यावरील झाकण थडथडले. धनीसाहेब ओल्या हाताने, डब्याचे झाकण बगलेत धरोन, दाराशी धावत आले आणि पुसते जाहले, "काय झालं? काय झालं?"

सूनबाईसाहेबांनी पोळलेल्या जिभेने, खुर्चीची पाठ न सोडता, सांगितले, "जाऊ दे रे. आता सांगून मजा नाही."

येणेप्रमाणे रविवारी संध्याकाळी पाचवी खुर्ची काबीज जाहली, ते नमूद केले असे. आपले बाजूस जखमी जीभ एक. गनिमाचे बाजूस डब्यांची झाकणे, आबासाहेबांचे एक मत आणि निळ्या टायचा जुना आळ, इतके कामास आले. कपड्यांनी पळोन आबासाहेबांच्या व्यायामाच्या सायकलीचा आश्रय केला, तेथे ते अद्याप आहेत. तिजवर कोणी बसत नाही म्हणोन तक्रार नाही. भाजी कैसी होती, ऐसे मागाहून कन्येने पुसिले. बाईसाहेबांस चव काही कळली नव्हती. त्या बोलिल्या, "गरम होती." जेवणसीमा.